नाव फक्त शाळेचे

इंग्लंडमधल्या शाळांतील लैंगिक छळाची गेल्या दशकातली कागदपत्रे एकत्र मांडली की त्यांच्या सरळ दोन राशी पडतात. एका राशीत संसदीय समितीचे अहवाल, शाळा-तपासणी खात्याची निरीक्षणे, शिक्षक संघटनेची पाहणी, शिक्षण खात्याची मार्गदर्शक पत्रके. त्यांना तारखा आहेत, क्रमांक आहेत, जबाबदार माणसांची नावे आहेत. दुसऱ्या राशीत हजारो मुलींनी आणि काही मुलग्यांनी इंटरनेटवर लिहिलेल्या चार-दहा ओळींच्या हकिकती. त्यांना लेखक नाही, बहुधा तारीख नाही, ज्याने केले त्याचेही नाव नाही. इतिहासाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पहिली रास विश्वासाची आणि दुसरी संशयाची वाटणार. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींची झाडाझडती घेऊन अस्सल पत्रांचे वजन दाखवून दिले. तेव्हापासून आपल्याकडे ही सवय आहे: कागद कोणाचा, केव्हाचा, कोणी कोणाला लिहिला, हे आधी विचारायचे.

ती सवय सोडण्याचे कारण नाही. ती धरूनच या दोन राशी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. निनावी हकिकतींनी जे सांगितले त्यातले जवळजवळ काहीच इंग्लंडच्या सरकारला नवे नव्हते. अस्सल कागदांत ते पाच वर्षे आधी लिहून झाले होते. तरी यंत्रणा जागची हलली ती निनावी हकिकती आल्यावर. असे का झाले याचे उत्तर मला त्या हकिकतींच्या घडणीत सापडते. त्यांत माणसांची नावे गाळलेली होती आणि शाळेचे नाव सांगितलेले होते. सरकारी कागदांत आकडे होते, साक्षी होत्या, शिफारशी होत्या. फक्त शाळेचे नाव नव्हते.

पहिला कागद १३ सप्टेंबर २०१६ चा. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची महिला व समानता समिती, अध्यक्ष मारिया मिलर; विषय, शाळांमधील लैंगिक छळ आणि लैंगिक हिंसा. समितीने तज्ज्ञ, शिक्षक, संघटना यांच्या साक्षी घेतल्या. आधीच्या पाहण्याही तिने एकत्र केल्या. २०१० च्या एका जनमत चाचणीत सोळा ते अठरा वयाच्या मुलींपैकी २९ टक्के मुलींनी शाळेत नकोसा लैंगिक स्पर्श झाल्याचे सांगितले होते. गर्लगायडिंग या संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत तेरा ते एकवीस वयाच्या ५९ टक्के मुलींनी गेल्या वर्षभरात शाळेत किंवा कॉलेजात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसल्याचे म्हटले होते. बीबीसीने माहितीच्या अधिकारात पोलिसांकडून मिळवलेला आकडा होता तीन वर्षांत सुमारे ५,५०० लैंगिक गुन्ह्यांचा, सगळे शाळांच्या आवारात नोंदलेले; त्यांत ६०० च्या वर बलात्कार. हा शेवटचा आकडा जपून वाचायला हवा. त्यात आरोपी विद्यार्थीच होते असे नाही, मोठ्या माणसांनी केलेले गुन्हेही त्यातच आहेत. पण जपून वाचूनही तो लहान होत नाही.

समितीचे गाऱ्हाणे आकड्यांपेक्षा वेगळे होते. देशभरात मिळून किती मुलामुलींच्या बाबतीत असे घडते याची माहिती कोणीच गोळा करत नव्हते. शिक्षण खाते करत नव्हते, आणि शाळांची तपासणी करणारे ऑफस्टेड हे खातेही तपासणीत याविषयी नेमाने विचारत नव्हते. समितीने शिफारशी केल्या: शाळांनी नोंद ठेवावी, तपासणीत ती पाहिली जावी, नातेसंबंध आणि लैंगिकता यांचे शिक्षण सक्तीचे व्हावे. यातली शेवटची शिफारस २०१७ च्या कायद्यात उतरली आणि अंमलात यायला सप्टेंबर २०२० उजाडला. तोवर कोरोना आला होता, म्हणून शाळांना आणखी सवड मिळाली.

दुसरा कागद डिसेंबर २०१७ चा. नॅशनल एज्युकेशन युनियन ही शिक्षकांची संघटना आणि यूके फेमिनिस्टा ही संस्था यांनी माध्यमिक शाळांतले विद्यार्थी आणि शिक्षक यांची पाहणी केली. मुलामुलींच्या एकत्र शाळांतल्या ३७ टक्के मुली म्हणाल्या की शाळेत आपला लैंगिक छळ झाला आहे. अशा शाळांतले ६४ टक्के शिक्षक म्हणाले की मुलींना हिणवणारी भाषा आठवड्यातून एकदा तरी कानावर पडते. आणि ज्यांना असा अनुभव आला होता त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के विद्यार्थ्यांनी तो शिक्षकांना सांगितला होता. मला या कागदातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच वाटतो. शाळेच्या दप्तरात शंभरांतली फार तर चौदा प्रकरणे पोहोचण्याची शक्यता होती, आणि कानावर आलेले प्रत्येक प्रकरण शिक्षकाने लिहून ठेवले तरची ही गोष्ट. त्याच महिन्यात शिक्षण खात्याने मुलामुलांमधल्या लैंगिक छळाविषयी शाळांना पहिले सविस्तर मार्गदर्शन दिले. ते चांगले होते. पण तक्रार आल्यावर काय करायचे यावर त्याचा सगळा भर होता. छळ सोसलेल्या शंभरांतल्या शहाऐंशी जणांची तक्रार येणारच नव्हती, त्यांचे काय करायचे हे त्यातून कळत नव्हते.

इंग्लंडमध्ये मूल अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाते आणि पाच वर्षांनी तिथली सार्वत्रिक परीक्षा देते. समितीचा अहवाल आला त्या सप्टेंबरात जी मुलगी माध्यमिक शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकत होती, ती २०२१ च्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्गातून बाहेर पडली. तिचे सगळे माध्यमिक शिक्षण समितीचा हा अहवाल आणि ऑफस्टेडचा २०२१ चा आढावा यांच्या मधल्या काळात झाले.

आता दुसरी रास. जून २०२० मध्ये लंडनमधल्या सोमा सारा या तरुणीने इन्स्टाग्रामवर स्वतःचे अनुभव लिहिले. आठवड्याभरात तिच्याकडे ३०० च्या वर निनावी उत्तरे आली. ती तिने प्रसिद्ध केली आणि त्यातून ‘एव्हरीवन्स इन्व्हायटेड’ हे निनावी हकिकतींचे व्यासपीठ उभे राहिले. सुरुवातीचे कित्येक महिने ते तरुण मुलींच्या वर्तुळातच फिरत होते. ३ मार्च २०२१ ला दक्षिण लंडनमधून सारा एव्हरार्ड ही तेहतीस वर्षांची तरुणी घरी परतताना नाहीशी झाली. तिच्या अपहरणाचा आणि खुनाचा आरोप एका सेवेतल्या पोलिसावरच ठेवला गेला, आणि सबंध देशात बायका आपापले अनुभव बोलू लागल्या. निनावी हकिकतींचा बांध फुटला तो याच दिवसांत. महिनाअखेरीस त्या दहा हजारांवर गेल्या होत्या. जूनच्या सुरुवातीला सोळा हजारांवर. पुढच्या वर्षभरात पन्नास हजारांवर.

या हकिकती वाचताना साधन म्हणून त्यांची काही लक्षणे ध्यानात येतात. बहुतेकींची सुरुवात वयापासून होते: तेव्हा मी तेरा वर्षांची होते, चौदा वर्षांची होते. घटनेला तारीख नसते, इयत्ता असते. शाळकरी मुलाची कालगणना तशीच चालते. जागा असतात: वर्ग, जिना, बस, कोणाच्या तरी घरची पार्टी. पुढे काय झाले ते थोडक्यात. कोणाला सांगितले आणि त्याने काय केले यावर मात्र पुष्कळजणी घटनेपेक्षाही जास्त रेंगाळतात. कोणी सांगते की मैत्रिणींनी विश्वास ठेवला नाही, कोणी सांगते की शिक्षकांनी विषय मिटवला. मागाहून कचेरीत बसून घेतलेल्या जबानीत हा भाग बहुधा गळून जातो, कारण गुन्ह्याच्या कलमाशी त्याचा संबंध नसतो. इथे तो टिकला आहे. शाळा या ठिकाणाचा इतिहास लिहिणाऱ्याला याच भागाची गरज असते.

त्याच वेळी या साधनाच्या मर्यादाही स्वच्छ सांगितल्या पाहिजेत, कारण त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून त्या बऱ्याचदा वाहून गेल्या. एकही हकिकत पडताळलेली नाही. हकिकतींची संख्या म्हणजे घटनांची संख्या नव्हे, आणि मुलींचीही नव्हे. लिहिणाऱ्यांत आजच्या विद्यार्थिनी होत्या तशा शाळा सोडून वर्षे लोटलेल्याही होत्या, म्हणजे शाळेवरचा आरोप आजच्या मुख्याध्यापकांच्या काळातला असेलच असे नाही. सुरुवातीला लंडन परिसरातल्या नामांकित खासगी शाळांची नावे ठळकपणे पुढे आली. तिथे छळ जास्त होता असे यावरून म्हणता येत नाही. त्या मुलींमध्ये ही चळवळ आधी पसरली एवढेच नक्की म्हणता येते. ज्या शाळेचे नाव कोठेच आले नाही ती शाळा निर्मळ, असेही ठरत नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नावच नसल्यामुळे त्याला शिक्षा होऊ शकत नाही, तसे त्याला आपली बाजूही मांडता येत नाही. कित्येक मुख्याध्यापकांनी त्या दिवसांत अडचण मांडली की तारीख, वर्ग, माणूस यांतले काहीच हातात नसताना चौकशी कशाची करायची. ही अडचण खोटी नव्हती.

नावांविषयीचा नियम पहिल्यापासून ठरलेला होता. लिहिणारी निनावी, ज्याच्याविषयी लिहिले तोही निनावी. शाळेचे किंवा विद्यापीठाचे नाव मात्र चालेल. सुरुवातीला ही नावे हकिकतींसोबत झळकली. जून २०२१ मध्ये हकिकतींपासून वेगळी अशी नुसती संस्थांची यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळपास ३,००० नावे होती. ही यादी म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण कागद. तिच्यात घटना नाही, आरोप नाही, एकही वाक्य नाही. खासगी आणि सरकारी, मुलींच्या आणि मुलांच्या, शहरातल्या आणि गावातल्या शाळांची नुसती नावे. तरीही तिने जे केले ते २०१६ च्या साधार, सविस्तर अहवालाला जमले नव्हते. पालकांना तिच्यात आपल्या मुलाची शाळा शोधता आली.

या नियमाचे मोल कळायला कायद्याचे तीन कागद उघडावे लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या लैंगिक गुन्हे (सुधारणा) कायद्याने तक्रारदाराची ओळख आयुष्यभर गुप्त राहते. कोणत्या तपशिलांनी ओळख उघड होऊ शकते याची यादी १९९९ मध्ये त्यात घातली गेली: नाव, पत्ता, कामाचे ठिकाण, छायाचित्र, आणि ती जिथे शिकते ती शाळा. म्हणजे वर्तमानपत्राला एखाद्या मुलीची कहाणी छापायची तर तिची ओळख पटू नये म्हणून शाळेचे नाव गाळणे हाच सुरक्षित मार्ग. दुसरा कागद २०११ च्या शिक्षण कायद्याचा. विद्यार्थ्याने शिक्षकावर गुन्ह्याचा आरोप केला तर आरोपपत्रापर्यंत त्या शिक्षकाचे नाव प्रसिद्ध करायला त्याने बंदी आली. तिसरा कागद आपल्याकडचा, २०१२ चा पोक्सो कायदा. त्याच्या कलम २३ मध्ये प्रसारमाध्यमांनी मुलाची ओळख उघड करायची नाही असे सांगताना नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शेजार यांच्या बरोबरीने शाळाही मोजली आहे.

या तिन्ही तरतुदी योग्य आहेत. चौदा वर्षांच्या मुलीचे नाव चव्हाट्यावर येऊ नये यापेक्षा जास्त महत्त्वाचे या विषयात दुसरे काही नाही. पण त्यांचा एकत्र परिणाम काय होतो ते पाहायला हवे. मुलीचे नाव झाकले जाते, शिक्षकाचे झाकले जाते आणि त्या दोघांच्या आडोशाला शाळेचेही झाकले जाते. शाळा ही काही बालक नव्हे. तिला संस्थाचालक आहेत, अंदाजपत्रक आहे, शंभर-दीडशे वर्षांची कीर्ती आहे. मुलीसाठी विणलेले पांघरूण फुकटात तिच्याही अंगावर येते. एक कहाणी एकटी असते तोवर यातून सुटका नाही, कारण शाळा सांगितली की मुलगी ओळखू येते. हजारो कहाण्या एकत्र आल्या की मात्र शाळेचे नाव सांगूनही कोणतीच मुलगी ओळखू येत नाही. निनावी हकिकतींच्या संख्येने जे साधले ते मला हेच दिसते. मुलीचे नाव आणि शाळेचे नाव यांची कायद्याने मारलेली गाठ त्या गर्दीत सुटली.

मार्चमध्ये हकिकतींचा बांध फुटल्यानंतरच्या घटना भराभर घडल्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर लंडनमधल्या हायगेट शाळेतले विद्यार्थी निषेध म्हणून वर्गांबाहेर पडले. शाळेने पुढे अपील न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश ॲन रॅफर्टी यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. बालसंरक्षणाचे काम पाहणारे वरिष्ठ पोलीस अधिकारी सायमन बेली जाहीरपणे बोलू लागले, आणि जुन्या बालशोषणाच्या प्रकरणांसाठी उभारलेल्या ‘ऑपरेशन हायड्रंट’ या पोलिसी यंत्रणेकडे समन्वय आला. ३१ मार्चला सरकारने ऑफस्टेडला तातडीने आढावा घ्यायला सांगितले. १ एप्रिलला एनएसपीसीसी या बालरक्षण संस्थेने शाळांतल्या छळासाठी स्वतंत्र मदतवाहिनी सुरू केली.

आढावा १० जून २०२१ ला प्रसिद्ध झाला, म्हणजे दहा आठवड्यांत. सरकारी कामाला हा वेग अपवादात्मक. तपासनीस ३२ शाळा-कॉलेजांत गेले आणि ९०० हून अधिक मुलामुलींशी बोलले. त्यांच्या निवडीत हकिकतींत आलेल्या शाळा होत्या, न आलेल्याही होत्या. साधनांच्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. निनावी कागद खरा की खोटा हे त्याच कागदाकडे बघत बसून कळत नाही. त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या साधनात तेच उमटते का ते पाहावे लागते. इथे ते उमटले. हकिकतींत नाव आलेली शाळा असो की न आलेली, मुलांनी सांगितलेले सारखेच होते, आणि तपासनिसांनी लिहिले की हा प्रश्न इतका सार्वत्रिक आहे की प्रत्येक शाळेने तो आपला मानावा.

अहवालातला एक आकडा सगळीकडे फिरला. नको असलेली अश्लील छायाचित्रे किंवा चित्रफिती पाठवल्या जाणे ‘खूपदा’ किंवा ‘कधीकधी’ घडते असे जवळजवळ ९० टक्के मुलींनी सांगितले, आणि मुलग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी. लिंगभेदी नावे ठेवून हिणवण्याविषयी हेच प्रमाण मुलींत ९२ आणि मुलग्यांत ७४ टक्के होते. मूळ प्रश्न होता तुमच्या किंवा तुमच्या बरोबरीच्यांच्या बाबतीत हे घडते का, असा. तेव्हा शंभरांतल्या नव्वद मुलींना अशी छायाचित्रे आली असा त्याचा अर्थ होत नाही. शंभरांतल्या नव्वद मुली अशा जगात वावरतात की जिथे हे नेहमीचे आहे, असा होतो. मला हा दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा सौम्य वाटत नाही.

पण या अहवालात माझे लक्ष जिथे अडकते ती जागा आकड्यांची नाही. काही मुलींनी तपासनिसांना सांगितले की एका रात्रीत दहा-अकरा वेगवेगळी मुले नग्न किंवा अर्धनग्न छायाचित्रे मागतात. मुलाला ब्लॉक केले तर तो नवे खाते उघडून पुन्हा मागतो. या दोन वाक्यांत एका शाळकरी मुलीची संध्याकाळ आहे. गृहपाठाची वही उघडी, हातातला फोन दर थोड्या वेळाने थरथरणारा, आणि मागणारे अनोळखी नाहीत. सकाळी त्यांतलेच काहीजण त्याच वर्गात, त्याच रांगेत बसणार. नाही म्हणण्याचे काम तिला एकदा करून संपत नाही, ते रोज दहादा करावे लागते. यातल्या कोणत्या मागणीची तक्रार ती शिक्षकांकडे नेईल? सातव्या मुलाची? तक्रार नोंदवहीत एका घटनेसाठी एक ओळ असते. पावसासारखी रोज पडत राहणारी गोष्ट त्या ओळीत मावत नाही. तपासनिसांनीही हेच नोंदवले की काही मुलांना हे इतके रोजचे झाले आहे की सांगण्यात काही अर्थ आहे असेच त्यांना वाटत नाही.

न सांगण्याची बाकीची कारणे अहवालात मुलांच्याच तोंडून आली आहेत. विश्वास ठेवणार नाहीत. मित्रमैत्रिणी वाळीत टाकतील. आपलेच नाव खराब होईल. पार्टीत दारू घेतलेली असेल तर आधी त्याबद्दलच बोलणी बसतील. आणि सगळ्यात खोल कारण असे की एकदा सांगितले की गोष्ट आपल्या हातात राहत नाही. शिक्षक पालकांना सांगणार, पालक चिडणार, पोलीस येणार, आणि आपण मात्र त्याच वर्गात बसून राहणार. निनावी लिहिण्यात मुलींना नेमके हे परत मिळाले होते. कुठे सुरू करायचे, किती सांगायचे, कुठे थांबायचे, हे त्यांच्या हातात राहिले. त्या निनावीपणाची किंमतही मोठी होती. तिथे लिहून कोणाला समुपदेशन मिळाले नाही, कोणाचा वर्ग बदलला गेला नाही, कोणाला न्याय मिळाला नाही. त्यांनी ती किंमत मोजून लिहिले, यावरून शाळेतल्या अधिकृत वाटेवर त्यांचा भरवसा किती उरला होता हे समजते.

शिक्षकांविषयी अहवाल कठोर आहे, पण अन्यायाने नव्हे. शाळेतल्या मोठ्यांना या गोष्टींचा आवाका सातत्याने कमी वाटत होता, असे त्यात म्हटले आहे. अनेक शिक्षकांना बोलायचे कसे हेच शिकवलेले नव्हते. लैंगिकतेच्या तासांविषयी मुली म्हणाल्या की ते फार उशिरा आणि फार वरवरचे होते. संमती म्हणजे काय हे मुलग्यांना समजावण्याचे काम आपल्यावर येऊन पडते याचा त्यांना राग होता.

या आढाव्यातली एक शिफारस मात्र बाकीच्यांहून वेगळ्या जातीची आहे. एकही तक्रार आलेली नसली तरी आपल्या शाळेत लैंगिक छळ होतो आहे असे धरूनच शाळांनी काम करावे. सप्टेंबर २०२१ पासून शाळांच्या बालसुरक्षेच्या सक्तीच्या मार्गदर्शनातही हाच सूर आला, आणि तपासणीतही शाळा याबाबत काय करते हे विचारले जाऊ लागले. याआधी कोरी नोंदवही दाखवून शाळा आपली स्वच्छता सिद्ध करत होती. आता कोरी वही दाखवणाऱ्या मुख्याध्यापकांना उलट प्रश्न येणार होता: मुलांना तुमच्याकडे यावेसे का वाटत नाही? पुरावा नसणे म्हणजे घटना नसणे नव्हे, हा इतिहासकारांच्या रोजच्या वापरातला विचार एका तपासणी खात्याने शाळांसाठी नियम म्हणून स्वीकारला. सोळा हजार निनावी हकिकतींचे ठोस फळ दाखवा असे कोणी म्हटले तर मी या एका ओळीकडे बोट दाखवीन.

त्याच वर्षी हे दुसरीकडेही घडत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिडनीत शिकलेल्या शॅनेल कॉन्टॉस हिने इन्स्टाग्रामवर एक प्रश्न विचारून अशाच निनावी हकिकती गोळा केल्या आणि संमतीचे शिक्षण शाळेत लवकर सुरू करा अशी मागणी केली. वर्षभराने ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणमंत्र्यांनी ते २०२३ पासून सक्तीचे करायचे ठरवले. मे २०२१ मध्ये चेन्नईतल्या एका नामवंत शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या तक्रारी समाजमाध्यमांवर आल्या आणि काही दिवसांत एका शिक्षकाला पोक्सोखाली अटक झाली. इंग्लंडमध्ये रोख मुख्यतः बरोबरीच्या मुलांवर होता, चेन्नईत शिक्षकावर. दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. शाळेकडे जाण्याऐवजी बाहेर लिहावे लागणे एवढे मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

आपल्याकडे कायदा इंग्लंडपेक्षा एका बाबतीत कडक आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना द्यायलाच हवी, आणि कलम २१ प्रमाणे न देणे हाच गुन्हा आहे, संस्थाप्रमुखाला तर जास्त शिक्षेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला तेव्हा गुन्हा नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. कलम १९ बारा वर्षांपासून पुस्तकात होते. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे वाक्य त्याहून जुने आहे, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत आजही तेच आधी उच्चारले जाते.

त्याच महिन्यात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून शाळांना सीसीटीव्ही, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रार पेटी यांची आठवण करून दिली. तक्रार पेटी ही आपल्याकडची निनावी हकिकत. तिच्यात टाकलेल्या चिठ्ठीला सही लागत नाही, ज्याने टाकली त्याला कोणी बोलावत नाही. पण इंग्लंडमधल्या हकिकती शाळेच्या भिंतीबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर होत्या. पेटी शाळेच्या भिंतीवर आहे आणि किल्ली शाळेकडे. तेव्हा या पेट्यांचे दप्तर नीट राखले गेले पाहिजे: पेटी कोणत्या तारखेला उघडली, कोणाच्या समोर उघडली, किती चिठ्ठ्या निघाल्या, त्यांचे पुढे काय केले. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने हे दप्तर मागावे, आणि वर्षभर ‘निरंक’ असा शेरा असलेल्या शाळेत मुलामुलींशी बोलायला सर्वांत जास्त वेळ थांबावे.